पोस्टफिक्स, आठ वर्षांनी: चार तारे, आणि पाचवा कुठे गेला त्याची गोष्ट

मी कॉम्प्युटरचा माणूस नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी इलेक्ट्रिशियन म्हणून लागलो. पॅनेल, मोटारी, फर्नेसच्या केबली, हे माझं काम. मग ऑफिसात पहिल्यांदा नेटवर्क ओढायचं ठरलं, तेव्हा ‘वायरीचं काम आहे, हाच करेल’ म्हणून ते माझ्याकडे आलं. पुढे वायरीच्या टोकाला जे जे लागत गेलं ते सगळं माझ्याच गळ्यात पडलं. २०१७ साली त्यात मेल सर्व्हरची भर पडली.

स्वतःचा मेल सर्व्हर हल्ली कोण ठेवतं, असं कुणीही विचारेल. आमच्या थोरल्या मालकांचं म्हणणं एकच: पार्टीची ड्रॉइंगं आपल्याच कपाटात राहिली पाहिजेत. शिवाय आमच्या बावीस मेलपेट्यांपैकी निम्म्या माणसांच्या नाहीतच. स्पेक्ट्रोमीटरचा, म्हणजे धातू तपासणाऱ्या यंत्राचा, पीसी प्रत्येक हीटचा (भट्टीतल्या प्रत्येक वितळणीचा) रिपोर्ट मेलने टाकतो, दोन स्कॅनर चलनं टाकतात, डिस्पॅचचा काटा वजनाची स्लिप टाकतो. या मुक्या मंडळींना बाहेरच्या सेवेचं दोन पायऱ्यांचं लॉगिन जमत नाही. म्हणून कोपऱ्यात एक साधा सर्व्हर, त्यावर डेबियन ही लिनक्स प्रणाली, मेल नेण्या-आणण्याला पोस्टफिक्स आणि पेटीतलं मेल वाचायला डव्हकॉट. खर्च शून्य. थोरल्या मालकांनी त्या वेळी विचारलं होतं, “फुकट आहे म्हणतोस, मग बिघडलं तर धरायचं कुणाला?” मी गप्प बसलो. उत्तर त्यांना माहीत होतं.

पोस्टफिक्सबद्दल आधी चांगलं बोलतो, कारण चांगलंच जास्त आहे. वित्से व्हेनेमा नावाच्या डच माणसाने आयबीएमच्या संशोधन केंद्रात असताना हे लिहिलं आणि डिसेंबर १९९८ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. त्याआधी सेंडमेल या जुन्या मेल सर्व्हरचं राज्य होतं. सेंडमेलची सेटिंगची फाइल मी एकदा उघडून पाहिली होती. आपल्या मोडी लिपीतल्या जुन्या खतासारखी दिसते, वाचणारा वेगळा बोलवावा लागतो. पोस्टफिक्सची फाइल मात्र माझ्यासारख्यालाही वाचता येते: डावीकडे नाव, मध्ये बरोबरचं चिन्ह, उजवीकडे किंमत.

आतली रचना तर आमच्या फाउंड्रीसारखीच आहे. आमच्याकडे कोअर शॉप वेगळं, मोल्डिंग वेगळं, मेल्टिंग वेगळं, फेटलिंग वेगळं. एकाचा माणूस दुसऱ्याच्या कामात हात घालत नाही. पोस्टफिक्समध्येही मास्टर नावाचा एक मुकादम असतो आणि त्याच्या हाताखाली छोटे छोटे प्रोग्रॅम. एक बाहेरून आलेला मेल दारात घेतो, एक तो साफसूफ करून रांगेत ठेवतो, एक रांग सांभाळतो, एक बाहेर पोचवतो. प्रत्येकाला लागेल तेवढाच अधिकार. दारावरच्याला कुणी फसवलं तरी तो तिजोरीपर्यंत पोचत नाही. आठ वर्षांत हे आपण होऊन मध्येच बंद पडलं असं एकदाही झालेलं नाही. सुरू झालं की चालतं. या वर्षीची भानगड सगळी त्या ‘सुरू झालं की’मध्ये होती.

मे महिना, वळवाचे दिवस. मंगळवारी रात्री जोराचा वारा सुटला आणि तीनच्या सुमारास लाईट गेली. यूपीएसच्या बॅटऱ्या एप्रिलमध्येच बसल्या होत्या, नव्याचं कोटेशन टेबलावर पडून होतं. पाचला लाईट आली आणि सर्व्हर आपोआप चालू झाला. तशी सोय मी त्याच्या बायोसमध्ये करून ठेवली आहे.

साडेनऊला अकाउंट्सच्या मॅडमचा फोन. “काय ओ, स्कॅन जाईना झालंय. मशिनीवर काहीतरी इंग्रजी येतंय.” मी म्हटलं, मशीन एकदा बंद-चालू करा. दहाला डिस्पॅचवाला म्हणाला, सकाळपासून पार्टीचा एकही मेल नाही. त्याला म्हटलं, पार्टी झोपली असेल. कारण मेलपेट्या तर उघडत होत्या, जुने मेल दिसत होते. डव्हकॉट नीट चालू असल्यामुळे वाचायची खिडकी उघडी होती आणि घ्यायची-पाठवायची बंद. अर्धवट चालणारी वस्तू पूर्ण बंद पडलेल्या वस्तूपेक्षा जास्त फिरवते, हे मोटारीच्या धंद्यात मला ठाऊक होतं. तेव्हा मात्र सुचलं नाही.

सर्व्हरवर बसून मी कमांड देऊन पोस्टफिक्सची हालहवाल विचारली, सिस्टिमसीटीएल स्टेटस पोस्टफिक्स. हिरवा ठिपका. शेजारी ‘ॲक्टिव्ह’. म्हटलं, चला, इथे काही नाही. मग स्कॅनर तपासला, स्विच बंद-चालू केला, केबल बदलली. सव्वाबारापर्यंत मी शहाण्यासारखा भलत्याच ठिकाणी राबत होतो.

ॲक्टिव्हच्या पुढे कंसात ‘एक्झिटेड’, म्हणजे काम संपवून बाहेर पडलेलं, असं लिहिलेलं होतं. ते मी वाचलंच नव्हतं.

डेबियन १२ मध्ये पोस्टफिक्स नावाची जी सेवा दिसते ती नुसती पाटी आहे. तिचं काम एक रिकामा हुकूम चालवून ‘झालं’ म्हणणं, एवढंच. हा हुकूम कधी फसतच नाही. खरं पोस्टफिक्स दुसऱ्या सेवेत असतं. तिचं नाव पोस्टफिक्स, पुढे ॲटचं चिन्ह, पुढे एक आडवी रेघ. एका मशीनवर दोन-तीन वेगवेगळी पोस्टफिक्स चालवायची असतील तर सोय व्हावी म्हणून ही रचना आहे. माझ्यासारख्या एकच चालवणाऱ्याला तिचा उपयोग नाही, ताप मात्र पुरेपूर. खरी सेवा मरून पडली तरी पाटीवरचा दिवा हिरवाच. पॅनेलवर असा इंडिकेटर मी लावला असता, जो फेज गेला तरी जळत राहतो, तर सुपरवायझरने मला त्याच दिवशी गेटबाहेर काढलं असतं. पाचवा तारा इथे गेला.

खात्रीचा मार्ग वेगळा आहे. कोणकोणत्या पोर्टवर मशीन कान देऊन बसलंय ते एसएस या छोट्या कमांडने दिसतं. यादीत १४३ होतं, ९९३ होतं, ही डव्हकॉटची, मेल वाचायची दारं. २५ नव्हतं. मेल २५ नंबरच्या दारातून येतो. ते दारच उघडलेलं नव्हतं.

मग लॉग. जुन्या सवयीने मेल डॉट लॉग शोधायला गेलो तर फाइलच नाही. डेबियन १२ नव्याने टाकलं की आरसिसलॉग हा लॉगच्या फाइली लिहिणारा प्रोग्रॅम आपोआप येत नाही, सगळं सिस्टिमडीच्या, म्हणजे सगळ्या सेवा सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, जर्नलमध्ये जातं. जर्नलसीटीएलला ‘या बूटपासूनचं, या सेवेचं’ एवढं सांगितलं आणि ओळ समोर आली. फेटल, इनेट इंटरफेसेसमध्ये (कुठल्या पत्त्यावर मेल घ्यायचा ते सांगणाऱ्या सेटिंगमध्ये) दिलेला १९२.१६८.१०.५ हा पत्ता कुठल्याच इंटरफेसवर, म्हणजे नेटवर्क कार्डावर, सापडत नाही. वेळ पहाटे पाच वाजून चार मिनिटं.

पोस्टफिक्सबद्दल इथे परत चांगलं बोललं पाहिजे. अंदाजपंचे सुरू होऊन अर्धवट चालण्यापेक्षा ते सरळ नकार देतं, आणि नकाराचं कारण एका ओळीत, पॅरामीटरच्या नावासकट, लिहून ठेवतं. इतकी सरळ तक्रार माझ्याकडे मोटारीच्या कुठल्या ड्राइव्हच्या एरर कोडनेही कधी केलेली नाही.

पत्ता सापडत नाही म्हणे. आणि मी पाहतोय तेव्हा पत्ता कार्डावर ढळढळीत बसलेला. रीस्टार्ट मारला, पोस्टफिक्स उठलं. पाच-दहा मिनिटांत पहिला मेल आला, मग दोन, मग एकदम रांग लागली. एकही मेल हरवला नाही. ही मेलच्या व्यवस्थेची जुनी खानदानी रीत आहे. समोरचं दार बंद असलं तर पाठवणारा सर्व्हर मेल स्वतःच्या रांगेत ठेवतो आणि परत परत येऊन पाहतो. पाठवणाराही पोस्टफिक्सच असेल तर पहिल्यांदा साधारण पाच मिनिटांनी, मग वाढत वाढत तासाच्या थोडं पुढे, आणि असं पाच दिवस. पाचव्या दिवशीही दार बंद असेल तर ‘तुमचं पत्र परत’ म्हणून मूळ मालकाकडे. लाईट आल्यापासून आम्ही आठ तासांत उठलो होतो. शेवटचा अडकलेला मेल दोनच्या सुमारास आला. डिस्पॅचवाल्याला वाटलं पार्टी जेवून जागी झाली.

खात्री म्हणून सर्व्हर रीबूट केला. नीट उठला. परत केला. परत नीट. म्हटलं, पहाटेचं काहीतरी असेल, आणि पॅनेलकडे गेलो.

शुक्रवारी परत लाईट गेली आणि परत तेच.

आता मात्र मी हट्टाला पेटलो. मी रीबूट केलं की चालतं, लाईट गेली की चालत नाही. इंटरनेटवर सगळे एकच औषध देत होते: सेवेच्या युनिट फाइलला (ती कधी, कशी सुरू व्हायची ते सांगणाऱ्या फाइलला) जोड द्या, ‘नेटवर्क ऑनलाइन झाल्यावरच सुरू हो’ असं सांगा. मी पहिल्यांदा ती जोड पाटीवाल्या सेवेला दिली, म्हणजे बिनतारेच्या स्विचला फ्यूज बसवला. मग शहाणा होऊन खऱ्या सेवेला दिली. पुढच्या वळवात फरक शून्य. आणि हाताने करून बघावं तर मी केलेल्या प्रत्येक रीबूटला मशीन आदर्श विद्यार्थ्यासारखं वागतंय. जो बिघाड मुद्दाम काढून दाखवता येत नाही तो दुरुस्त झाला की नाही हे कळणार कसं?

शेवटी मी माझ्या मूळ धंद्यावर आलो. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसचा एमसीबी पाडला, पाच मिनिटं थांबलो, उचलला, आणि मोबाईलवर स्टॉपवॉच लावून सर्व्हरच्या खोलीत उभा राहिलो. बावीस सेकंदांत सर्व्हर लॉगिनला येऊन उभा. वर फळीवर राउटर अजून नारिंगी दिवा लुकलुकवत बसलेला. त्याचा दिवा हिरवा व्हायला एक मिनिट पन्नास सेकंद लागली.

तिथेच सगळं उलगडलं. सर्व्हरला त्याचा पत्ता राउटर देत होता. मी राउटरमध्ये तो राखून ठेवलेला, म्हणजे दर वेळी तोच मिळतो, पण मिळण्यासाठी राउटर जागा तर हवा. मी रीबूट करायचो तेव्हा राउटर चालूच असायचा आणि पत्ता तत्काळ मिळायचा. लाईट गेली की दोघे एकदमच उठायला लागायचे. पूर्वी सर्व्हरमध्ये जुनी फिरती हार्डडिस्क होती, तो आळोखेपिळोखे देत दोन मिनिटं घ्यायचा आणि राउटर त्याच्या आधी तयार असायचा. जानेवारीत मी हौसेने एसएसडी टाकली. मशीन पळायला लागलं म्हणून आठवडाभर सगळ्यांना सांगत फिरत होतो. यूपीएस शाबूत होता तोवर झाकली मूठ राहिली, तो बसला आणि उघडी पडली.

मग ती ‘ऑनलाइन झाल्यावर’वाली जोड का चालली नाही? कारण ऑनलाइन झालं हे सिस्टिमडीला स्वतःला कळत नाही. नेटवर्क सांभाळणारा जो कुणी असेल त्याच्या शब्दावर ते विसंबून असतं. माझ्या डेबियनमध्ये हे काम जुन्या इफअपडाउनकडे आहे. त्याच्या इंटरफेसेस नावाच्या फाइलमध्ये माझ्या कार्डापुढे ‘अलाउ-हॉटप्लग’ लिहिलेलं होतं. डेबियनचा इन्स्टॉलर साधारणपणे तेच लिहितो. त्याचा अर्थ, कार्ड दिसलं की कामाला लाग, पण बाकीच्यांना खोळंबून ठेवू नकोस. मग नेटवर्कची सेवा म्हणते माझं झालं, ऑनलाइनचा टप्पा गाठला असं जाहीर होतं, पोस्टफिक्स भरवशाने उठतं, आणि पत्त्याचा अजून पत्ता नाही. त्याजागी ‘ऑटो’ लिहिलं की बूट होताना त्या कार्डासाठी थांबलं जातं.

मी तीन गोष्टी केल्या. ‘अलाउ-हॉटप्लग’चं ‘ऑटो’ केलं. राउटरच्या मेहेरबानीवर राहणं सोडून पत्ता त्याच फाइलमध्ये कायमचा लिहून टाकला. सर्व्हरने पत्त्यासाठी राउटरच्या दारात उभं राहावं हीच मुळात चूक होती, आणि ती माझी. तिसरी गोष्ट, पोस्टफिक्समधलं इनेट इंटरफेसेस मूळच्या ‘ऑल’वर आणलं. आठ वर्षांपूर्वी मी तिथे एकच पत्ता घातला होता, कारण सर्व्हरला दुसरं कार्ड आहे, शॉप फ्लोअरच्या कॅमेऱ्यांकडे जाणारं, आणि त्या बाजूने मेलचं दार नको होतं. ते काम आता फायरवॉल करतो. ‘ऑल’ असलं की पोस्टफिक्स अमुक पत्ता आहे का म्हणून अडून बसत नाही, जिथून येईल तिथून घेतं. एक लक्षात ठेवा, ही किंमत बदलल्यावर नुसतं रीलोड (न थांबवता सेटिंग परत वाचायला लावणं) पुरत नाही, पूर्ण बंद करून चालू करावं लागतं. मी रीलोड करून दहा मिनिटं डोकं खाजवलं आहे.

डीएनएसचा (नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरचा) पत्ताही हाताने लिहिला, तेव्हा ‘पोस्टफिक्स चेक’ने लगेच कुरकुर केली की तो ज्यात असतो त्या रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ फाइलच्या दोन प्रती जुळत नाहीत. डेबियन १२ वर पोस्टफिक्सचे बरेचसे हात एका कोंडलेल्या खोलीत काम करतात आणि त्या फाइलची एक प्रत सुरू होताना आत नेतात. रीस्टार्ट केलं, प्रत नवी झाली, कुरकुर थांबली. ही ‘चेक’ची कमांड फार गुणी आहे. सेटिंगला हात लावला की मी ती आता आठवणीने चालवतो, आणि हिरव्या ठिपक्याकडे बघतसुद्धा नाही.

मग घ्यावं का हे? दहा-बारा साध्या मेलपेट्या असतील आणि ऑफिसात माझ्यासारखा वायरीत अडकलेला कुणी नसेल, तर नका घेऊ. बाहेरची सेवा घ्या, पैसे द्या, रात्री झोपा. बाहेर जाणारा मेल आम्हीसुद्धा एका सेवेमार्फतच पाठवतो. स्वतःच्या पत्त्यावरून थेट पाठवलेला मेल लोकांच्या स्पॅममध्ये जातो आणि मग पार्टीला फोन करून ‘स्पॅम बघा’ म्हणत बसावं लागतं. पण मुकी मशिनं मेल टाकणार असतील आणि कागद आपल्याच कपाटात हवे असतील, तर पोस्टफिक्ससारखं दुसरं मी पाहिलेलं नाही. एक्झिम हे असंच दुसरं मेल सॉफ्टवेअर मी काही महिने वापरलं होतं. ताकदीचं आहे, पण त्याला काहीही सांगायला गेलं की ते मलाच दहा प्रश्न विचारतं. माणसाच्या स्वभावाचा भाग असेल. यूपीएसच्या बॅटऱ्या मात्र वेळेत बदला. त्या कोटेशनवर परवा सही झाली, मेल आठ तास बंद पडल्याचा तेवढा एक फायदा.

हे लिहायला बसण्याआधी एकदा अखेरची खात्री करून घेतली. राउटरचा ॲडॅप्टर मुद्दाम काढून खिशात टाकला, म्हणजे तो दोन मिनिटांनीच काय, उठूच नये. एमसीबी पाडला, उचलला. सर्व्हर उठला. एसएसच्या यादीत १४३, ९९३, आणि वर २५. स्पेक्ट्रोमीटरच्या पीसीवरून एक रिपोर्ट टाकला, तो पेटीत पडला. मशीन एकदम खूश, मी त्याहून खूश. खोलीला कुलूप लावलं आणि कँटीनला गेलो. भाकरीचा दुसरा तुकडा मोडतोय तोवर मॅडमचा फोन.

“काय ओ, आता नेट बंद हाय का?”

मी खिशाला हात लावला. ॲडॅप्टर खिशातच होता.